अर्ज एकाचा, मोजदाद दोघांची

बीड जिल्ह्याला स्थलांतर नवे नाही. दसरा-दिवाळी सरली की केज, धारूर, वडवणी, पाटोदा, शिरूर कासार या तालुक्यांतून ऊसतोड कामगारांच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्रातील आणि कर्नाटकातील साखर कारखान्यांकडे निघतात, आणि त्या व्यवहारात मुकादम माणसे मोजत नाही, कोयते मोजतो. नवरा आणि बायको मिळून एक कोयता होतो, एकटा माणूस अर्धा कोयता ठरतो आणि उचल, म्हणजे हंगामापूर्वी हातात पडणारी आगाऊ रक्कम, तीही कोयत्यामागेच ठरते. याच जिल्ह्यातून शिक्षणाच्या बळावर पुणे, मुंबई, हैदराबाद असे टप्पे घेत अमेरिकेपर्यंत पोचणारे एक दुसरे, संख्येने लहान स्थलांतरही होत असते. आणि तेथे कायमचे राहू इच्छिणाऱ्या जोडप्यासमोर अमेरिकी कायदा नवरा-बायकोला एक मोजतो की दोन, हा प्रश्न उभा राहतो. त्याचे उत्तर सरळ नाही, कारण हा कायदा दोघांना रांगेत एकत्र उभे करतो, पण दारापाशी पोचल्यावर प्रत्येकाचे कागद वेगळे तपासतो.

ग्रीन कार्ड म्हणजे अमेरिकेत कायम वास्तव्य करण्याचा परवाना; ते नागरिकत्व नव्हे, पण नागरिकत्वाच्या वाटेवरचे मुख्य ठाणे होय. नोकरीच्या आधारे ते मिळवायचे असेल तर बहुतेक वेळा कंपनीला प्रथम श्रमखात्याकडून त्या जागेसाठी पात्र अमेरिकी कामगार उपलब्ध नसल्याचे प्रमाणपत्र घ्यावे लागते, त्यानंतर आय-१४० हा अर्ज करावा लागतो आणि शेवटी कर्मचाऱ्याला आय-४८५ हा स्वतःचा अर्ज भरावा लागतो. श्रमखात्याकडे अर्ज दाखल झाल्याचा दिवस ही त्या कुटुंबाची ‘प्रायॉरिटी डेट’, म्हणजे रांगेत नंबर लागल्याची तारीख होय. १९९० च्या कायद्याने या मार्गासाठी वर्षाला सुमारे १,४०,००० ग्रीन कार्डे ठरवून दिली असून कोणत्याही एका देशात जन्मलेल्यांना साधारणपणे ७ टक्क्यांहून अधिक वाटा मिळत नाही. या आकड्यात केवळ नोकरदार मोजले जात नाहीत. त्याची पत्नी किंवा तिचा पती आणि एकवीस वर्षांखालील अविवाहित मुले यांच्यामागेही एकेक कार्ड खर्ची पडते, म्हणजे चौघांच्या कुटुंबाला त्या कोट्यातून चार कार्डे लागतात. भारतीयांची रांग लांबण्यामागे हेही एक कारण आहे. २०२५ च्या मध्यावर उच्चशिक्षितांच्या ईबी-२ या वर्गात भारतात जन्मलेल्यांसाठी रांग १ जानेवारी २०१३ या तारखेपाशी अडलेली होती. म्हणजे बारा वर्षांपूर्वी नंबर लावलेल्यांचीच पाळी तोवर आलेली होती.

एवढ्या प्रदीर्घ रांगेत जोडीदाराला स्वतंत्र नंबर लावावा लागत नाही, ही या व्यवस्थेतील सर्वांत मोठी सवलत होय. मूळ अर्जदाराची तारीख हीच जोडीदाराचीही तारीख मानली जाते आणि त्याला आश्रित म्हणून त्याच वर्गात ग्रीन कार्ड मिळते. मात्र त्यासाठी एक अट आहे, ती म्हणजे मूळ अर्जदाराला ग्रीन कार्ड मिळण्यापूर्वी लग्न झालेले असले पाहिजे. लग्न आधी झालेले असेल तर मागे बीडला राहिलेली पत्नीसुद्धा नंतर मुंबईच्या अमेरिकी वकिलातीतून मुलाखत देऊन त्याच तारखेच्या आधाराने जाऊ शकते. पण ग्रीन कार्ड आधी आणि लग्न नंतर असा क्रम झाला, तर तीच पत्नी ‘ग्रीन कार्डधारकाची पत्नी’ या वेगळ्या कौटुंबिक वर्गात ढकलली जाते आणि तिची रांग नव्याने सुरू होते.

या क्रमाचा फटका किती बसू शकतो, हे मायक्रोसॉफ्टचे प्रमुख सत्या नाडेला यांच्या उदाहरणावरून ध्यानात येते. नाडेला यांच्याकडे ग्रीन कार्ड होते, पण १९९२ मध्ये विवाह झाल्यानंतर पत्नी अनू यांना त्याच्या आधारे लवकर अमेरिकेत आणता येईना, कारण ग्रीन कार्डधारकांच्या जोडीदारांची रांग मोठी होती. याउलट एच-१बी या तात्पुरत्या नोकरी-व्हिसावर असलेल्याला पत्नीला लगेच बरोबर नेता येत होते. अखेर जून १९९४ मध्ये त्यांनी दिल्लीच्या अमेरिकी वकिलातीत जाऊन ग्रीन कार्ड परत केले आणि एच-१बी व्हिसा मागितला. ज्या कार्डासाठी माणसे वर्षानुवर्षे वाट पाहतात ते संसारासाठी परत करावे लागते, यातच लग्नाच्या तारखेचे महत्त्व दिसून येते.

रांगेत असताना बहुतेक जोडीदार एच-४ या व्हिसावर राहतात. हा एच-१बीधारकाच्या कुटुंबाचा आश्रित व्हिसा असून त्याचे अस्तित्व मूळ व्हिसावर अवलंबून असते. पतीची नोकरी जाऊन त्याचा दर्जा संपला की पत्नीचा दर्जाही संपतो. एच-४ वर शिकता येते, पण नोकरी करता येत नसे, त्यामुळे अभियंता किंवा दंतवैद्य असलेल्या अनेक भारतीय स्त्रियांना ऐन उमेदीची वर्षे घरात काढावी लागली. २६ मे २०१५ पासून यात काही प्रमाणात बदल झाला. पतीचा आय-१४० मंजूर झालेला असेल, किंवा २००० च्या कायद्यानुसार त्याला एच-१बीची सहा वर्षांपलीकडची मुदतवाढ मिळालेली असेल, तर पत्नीला काम करण्याचा परवाना मागता येतो. या नियमाला न्यायालयात आव्हान दिले गेले होते. २ ऑगस्ट २०२४ रोजी वॉशिंग्टनच्या अपील न्यायालयाने तो वैध ठरवला आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यात हात घालण्यास नकार दिला. कंपनीअंतर्गत बदलीवर आलेल्या एल-१ धारकांच्या जोडीदारांची स्थिती याहून बरी आहे, कारण नोव्हेंबर २०२१ पासून त्यांना वेगळ्या परवान्याविना काम करता येते.

आश्रित हा शब्द मात्र फसवा आहे. जोडीदाराची रांगेतील जागा आश्रित असली तरी त्याचा आय-४८५ अर्ज स्वतंत्र असतो, वैद्यकीय तपासणी स्वतंत्र असते आणि अमेरिकेतील वास्तव्य कायदेशीर होते की नाही, याचा हिशेबही स्वतंत्रच होतो. अमेरिकेत प्रवेश करताना प्रत्येकाच्या नावे आय-९४ ही नोंद तयार होते आणि तीत मुक्कामाची शेवटची तारीख असते. पासपोर्टावर चिकटवलेल्या व्हिसाची मुदत नव्हे, तर ही तारीख मुक्कामाला लागू होते. समजा, पतीचा पासपोर्ट पुढची चार वर्षे चालणार आहे आणि लग्नापूर्वी काढलेल्या पत्नीच्या पासपोर्टाचे एकच वर्ष उरले आहे. दोघे एकाच विमानाने उतरले तरी अधिकारी पत्नीच्या आय-९४ वर पासपोर्ट संपण्याचीच तारीख घालू शकतो, आणि पतीची तारीख दोन-तीन वर्षे पुढची असल्यामुळे घरात कोणाच्या लक्षातही येत नाही की पत्नीची मुदत केव्हाच उलटून गेली. दुसरी गफलत मुदतवाढीच्या वेळी होते. कंपनी पतीच्या एच-१बीची मुदत वाढवून घेते, पण त्यामुळे पत्नीच्या एच-४ ची मुदत आपोआप वाढत नाही. तिच्यासाठी आय-५३९ हा वेगळा अर्ज भरावा लागतो.

नोकरीच्या मार्गाने येणाऱ्यांना कायद्याने थोडी सूट दिली आहे. अमेरिकेतील शेवटच्या कायदेशीर प्रवेशानंतर दर्जा मोडल्याचे एकूण दिवस १८० हून अधिक नसतील, तर ग्रीन कार्डाचा अर्ज त्या कारणावरून अडत नाही. पण ही सूटही माणशी मोजली जाते, कुटुंबामागे नाही; पतीचा एक दिवसही चुकलेला नसला आणि पत्नीचे दोनशे दिवस चुकलेले असले, तर पतीला कार्ड मिळते आणि पत्नीचा अर्ज नामंजूर होऊ शकतो. १९९६ च्या कायद्याने याला आणखी धार आणली असून १८० दिवसांहून अधिक बेकायदा वास्तव्य करून देश सोडणाऱ्यास तीन वर्षे आणि एक वर्ष किंवा त्याहून अधिक वास्तव्य करून जाणाऱ्यास दहा वर्षे परत येण्यास मनाई होते.

जोडीदार स्वतःच्याच व्हिसावर असेल तर वेगळे प्रश्न उद्भवतात. एफ-१ हा विद्यार्थी व्हिसा शिक्षण संपवून परत जाण्याच्या हेतूवर दिला जातो; अशी पत्नी पतीबरोबर आय-४८५ भरू शकते, पण अर्ज प्रलंबित असताना ‘ॲडव्हान्स परोल’ नावाची प्रवासाची पूर्वपरवानगी न घेता ती आजारी आईला भेटायला अंबाजोगाईला आली, तर तिने अर्ज सोडून दिला असे मानले जाते. वैध एच-४ व्हिसा असलेल्या पत्नीला हा धोका नसतो. जे-१ हा विनिमय व्हिसा याहून अवघड आहे. अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयातून एमबीबीएस झालेला एखादा डॉक्टर निवासी प्रशिक्षणासाठी या व्हिसावर गेला, तर प्रशिक्षणानंतर दोन वर्षे मायदेशी राहण्याचे बंधन त्याला लागते. हे बंधन पूर्ण होईपर्यंत किंवा माफ होईपर्यंत, पत्नीच्या कंपनीने तिच्यासाठी केलेल्या अर्जाची पाळी आली तरी, त्याला तिच्याबरोबर ग्रीन कार्ड मिळत नाही. तो मूळ जे-१ धारक असेल, तर त्याच्याबरोबर जे-२ व्हिसावर गेलेल्या पत्नीलाही तेच बंधन चिकटते. माफीचा रूढ मार्ग म्हणजे डॉक्टरांची टंचाई असलेल्या भागात तीन वर्षे सेवा करणे, आणि त्यासाठी अमेरिकेतील प्रत्येक राज्याला वर्षाला तीस जागा दिलेल्या आहेत.

कधी कधी मात्र जोडीदारच रांग तोडून देतो. देशाचा कोटा नागरिकत्वावरून नव्हे, तर जन्मस्थानावरून ठरतो, आणि पती-पत्नींपैकी कोणाच्याही जन्मदेशाचा कोटा दोघांना वापरता येतो. त्यामुळे बीडमध्ये जन्मलेल्या अभियंत्याची पत्नी, तिचे आईवडील तेथे नोकरीला असताना, दुबईत किंवा मस्कतमध्ये जन्मलेली असेल, तर तिच्याकडे भारतीय पासपोर्ट असला तरी हे कुटुंब भारताच्या रांगेतून निघून कितीतरी छोट्या रांगेत जाऊ शकते. हा लाभ पती-पत्नींपुरताच आहे; मुलाच्या जन्मस्थानाचा उपयोग आईवडिलांना होत नाही. तसेच दोघांच्याही कंपन्यांनी स्वतंत्र आय-१४० केलेले असतील, तर ज्याची तारीख आधीची त्याच्या मागे दुसऱ्याला आश्रित म्हणून जाता येते.

नाते तुटले की हा आधारही तुटतो. ग्रीन कार्ड मिळण्यापूर्वी घटस्फोट झाला तर आश्रिताचा दावा संपतो. मूळ अर्जदाराच्या मृत्यूनंतर पूर्वी बहुधा तेच घडत असे. २००९ च्या दुरुस्तीने अमेरिकेत राहत असलेल्या जोडीदाराला, कंपनीचा अर्ज दाखल किंवा मंजूर झालेला असल्यास, तो पुढे चालवण्याची वाट ठेवली आहे. पण त्या अर्जाची तारीख येईपर्यंत देशात राहण्याचा व्हिसा ही वाट देत नाही. २२ फेब्रुवारी २०१७ रोजी कॅन्सासमधील ओलेथ येथे श्रीनिवास कुचिभोटला यांची वंशद्वेषातून हत्या झाल्यावर त्यांच्या पत्नी सुनयना दुमाला यांचा आश्रित दर्जा त्या क्षणी संपला, आणि तेथील खासदाराने लक्ष घातल्यानंतर त्यांना अमेरिकेत राहण्याची परवानगी मिळाली.

या सर्व प्रकरणाची पहिली कागदपत्रे अमेरिकेत तयार होत नाहीत, ती गावी तयार होतात. मराठवाड्यातील रीतीप्रमाणे पहिले बाळंतपण माहेरी होते, त्यामुळे जन्माची नोंद आडनावाच्या गावी नव्हे, तर आजोळच्या ग्रामपंचायतीत किंवा प्रसूती झाली त्या शहराच्या नगरपालिकेत असते. पुष्कळ जुन्या नोंदींत बाळाचे नावच नसते, कारण बारसे होण्यापूर्वीच नोंद झालेली असते. लग्नात बदललेले नाव, पासपोर्टावरचे माहेरचे नाव आणि शाळेच्या दाखल्यावरचे तिसरेच नाव यांचा मेळ घालताना महिने जातात. वकिलातीला लग्नपत्रिका किंवा मंडपातली छायाचित्रे पुरत नाहीत, विवाह नोंदणीचे प्रमाणपत्र लागते. महाराष्ट्राच्या १९९८ च्या कायद्याप्रमाणे ते गावात ग्रामसेवकाकडून मिळू शकते आणि लग्नानंतर नव्वद दिवसांत नोंदणी करणे अपेक्षित आहे, त्यानंतर केल्यास विलंब शुल्क पडते.

मुकादमाच्या वहीत नवरा-बायको एका ओळीत बसतात, अमेरिकी कायद्याच्या वहीत मात्र तारखेची ओळ एक असते आणि हिशेबाच्या ओळी दोन. म्हणून परदेशी निघालेल्या मुलाची वा मुलीची फाइल तयार करताना घरच्यांनी जोडीदाराची फाइल वेगळी करावी, तीत जन्मदाखला, विवाह प्रमाणपत्र, पासपोर्ट आणि आय-९४ स्वतंत्र लावावेत, आणि पतीची मुदत वाढली की त्याच दिवशी पत्नीची तारीख काढून पाहावी.