गाडीच्या मागच्या दिव्यांचा हिशेब

आम्ही कापडाचे व्यापारी. इचलकरंजी आणि विट्याहून माल उचलायचा आणि सांगली, कराड, सातारा या भागातील दुकानदारांना पोहोचवायचा, हा आमचा अनेक वर्षांचा धंदा. गाडीच्या वायरिंगशी आमचा संबंध बिल भरण्यापुरताच होता. परंतु मागील हंगामात दोन अनुभव असे आले, की हा विषय आम्हाला शिकून घ्यावा लागला. आपल्या बांधवांपैकी पुष्कळांकडे टेम्पो, छोटा हत्ती, रिक्षा किंवा ट्रक आहे, आणि आपली कित्येक मुले ऑटो इलेक्ट्रिकच्या कामात आहेत. म्हणून जे शिकलो ते येथे मांडत आहोत.

आमच्या टेम्पोचे ब्रेक लाईटचे बल्ब वारंवार जात असत. रस्त्याचे खड्डे आणि गाडीचे हादरे यांनी बल्बमधली बारीक तार तुटते. एका दुकानदाराने सांगितले, "चाचा, एलईडी टाका, पुन्हा बघायला नको." आम्ही मागचे ब्रेक लाईट आणि चारही इंडिकेटर बदलून घेतले. रात्री दिवे पांढरेशुभ्र चमकत होते. आम्हालाही बरे वाटले.

आठ दिवसांनी पेठ नाक्यावर चहासाठी थांबलो असता मागून आलेला ट्रक ड्रायव्हर खाली उतरला आणि म्हणाला, "चाचा, तुम्ही ब्रेक कधी मारता ते कळतच नाही. मागचे दिवे सारखेच पेटलेले दिसतात. दोनदा तुमच्या अंगावर येता येता वाचलो." त्याच्या बोलण्यात राग कमी आणि काळजी जास्त होती. आम्ही क्लीनरला ब्रेकवर पाय ठेवायला सांगितला आणि मागे जाऊन उभे राहिलो. ड्रायव्हरचे म्हणणे अक्षरशः खरे होते.

असे का झाले? मागच्या दिव्यात बहुधा डबल पॉइंटचा बल्ब असतो. त्यात दोन तारा असतात. एक ५ वॅटची, रात्री टेल लाईट म्हणून जळणारी. दुसरी २१ वॅटची, ब्रेक दाबल्यावर पेटणारी. प्रमाणित बल्बमध्ये पहिलीचा प्रकाश सुमारे ३५ ल्युमेन आणि दुसरीचा सुमारे ४४० ल्युमेन असतो, म्हणजे बारा पटींहून अधिक. हा फरक हीच मागच्या माणसाला दिलेली खबर आहे. स्वस्त एलईडी बल्बात हा फरक फार थोडा ठेवलेला असतो. टेल लाईट भरपूर उजळ आणि ब्रेक लाईट त्याहून किंचित उजळ. दुकानात पाहताना दोन्ही झकास वाटतात. रस्त्यावर दोन्हीतला फरक कळत नाही.

दुसरी चूक रंगाची होती. आम्ही लाल काचेमागे पांढरा एलईडी बसवला होता. साध्या बल्बच्या प्रकाशात लाल भाग भरपूर असतो, म्हणून लाल काचेतून तो चांगला बाहेर पडतो. पांढरा एलईडी मात्र मुळात निळा असतो आणि त्यावर पिवळा लेप देऊन पांढरा दिसेल असा केलेला असतो. त्यात लाल भाग थोडा. त्यामुळे काचेने बराचसा प्रकाश अडवला आणि उरला तो फिका, गुलाबीसर. लाल काचेमागे लालच एलईडी हवा आणि पिवळ्या इंडिकेटरमागे पिवळाच. लाल एलईडी तर सर्वांत जुना. अमेरिकेत निक होलोन्याक यांनी तो १९६२ साली दाखवला. निळ्यासाठी आणखी तीस वर्षे लागली, आणि त्या कामाबद्दल तीन शास्त्रज्ञांना २०१४ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

तिसरी गोष्ट प्रकाशाच्या दिशेची. दिव्याच्या आतली चकचकीत वाटी साध्या बल्बच्या तारेच्या जागेचा हिशेब करून बनवलेली असते. एलईडीचे दाणे त्या जागी नसले, तर समोरून दिवा डोळ्यांत भरतो आणि जरा बाजूला सरकले की मंद दिसतो. म्हणून दिवा केवळ समोरून पाहून पसंत करू नये.

आता इंडिकेटरचे. एलईडी टाकल्यापासून आमचे इंडिकेटर फार जलद फडफडू लागले. कारण साधे आहे. जुना फ्लॅशर बल्बने ओढलेल्या करंटवर चालतो. मागचा-पुढचा मिळून २१ वॅटचे दोन बल्ब बारा व्होल्टवर साडेतीन अँपिअर ओढतात. एलईडी त्याच्या लहानशा हिश्श्यात भागवतो. फ्लॅशरला वाटते की एखादा बल्ब उडाला, म्हणून तो घाई करतो. काही फ्लॅशर तर चालतच नाहीत. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ प्रमाणे इंडिकेटर पिवळसर रंगाचा आणि मिनिटाला ६० ते १२० वेळा उघडझाप करणारा असावा लागतो. फडफडणारा इंडिकेटर या मर्यादेबाहेर जातो. एम.एच. १० असो, ११ असो की ५०, पासिंगच्या वेळी तो अडचणीत आणू शकतो.

यावर एका मिस्त्रीने रेझिस्टर बसवून दिला. रेझिस्टर जादा करंट खातो आणि फ्लॅशरला फसवतो. इंडिकेटर ठीक चालू लागला. परंतु जो करंट खातो तो तापतोही. बाजारात मिळणारा ६ ओहमचा रेझिस्टर गाडी चालू असताना, म्हणजे सुमारे १४ व्होल्टवर, पेटलेल्या अवस्थेत तीस वॅटहून जास्त उष्णता काढतो. हा रेझिस्टर टेपने गुंडाळून दिव्याच्या प्लॅस्टिकलाच बांधलेला होता आणि त्याच्यापासून वीतभर अंतरावर आमचे कापडाचे गठ्ठे. एकदा रस्त्याकडेला चारही इंडिकेटर लावून बराच वेळ थांबलो होतो, तेव्हा जळका वास आला. उघडून पाहिले तर टेप वितळली होती आणि प्लॅस्टिक वाकडे झाले होते. माल वाचला, गाडी वाचली, ही अल्लाहची मेहरबानी. कापडाच्या गाडीत ठिणगीची किंमत काय असते, हे या धंद्यातील माणसाला सांगावे लागत नाही.

योग्य उपाय म्हणजे रेझिस्टर काढून एलईडीसाठीचा इलेक्ट्रॉनिक फ्लॅशर बसवणे. तो करंटवर अवलंबून नसतो. मात्र बहुधा त्याला तिसरी, अर्थची वायर द्यावी लागते. रेझिस्टर लावावाच लागला तर तो उघड्या पत्र्यावर स्क्रूने कसावा. प्लॅस्टिक, वायरिंग आणि माल यांच्यापासून दूर.

मग एलईडी टाकावा की नाही? आमचे मत असे, की टाकावा, पण हिशेब समजून. डिझेल वाचेल म्हणून टाकू नये. ब्रेक लाईट दिवसातून थोडाच वेळ पेटतो, त्यातून पैसे वसूल होत नाहीत. खरा फायदा दोन गोष्टींत आहे. पहिला, हादऱ्याने तुटणारी तार त्यात नाही. दुसरा फायदा वेळेचा. साध्या बल्बची तार तापून पूर्ण उजळायला सुमारे सेकंदाचा पाचवा भाग लागतो. एलईडी तत्काळ पेटतो. ताशी ८० किलोमीटर वेगाने येणारी गाडी तेवढ्या वेळात साडेचार मीटरच्या जवळपास पुढे येते. हे अंतर छोट्या हत्तीच्या लांबीहून जास्त आहे. पुणे-बंगळूर महामार्गावर, खंबाटकीच्या उतारावर किंवा पावसाळ्यातील धुक्यात एवढे अंतर पुष्कळ असते.

उसाच्या हंगामाबद्दलही लिहिले पाहिजे. दिवाळीच्या आसपास कारखाने सुरू झाले, की सातारा-सांगलीच्या रस्त्यांवर रात्री ट्रॅक्टर आणि त्यामागे दोन-दोन ट्रॉल्या धावतात. ट्रॉलीच्या मागचा बल्ब हादऱ्याने गेलेला, ट्रॅक्टरकडून येणारी वायर सुटलेली आणि उसाच्या मोळ्या दिव्यावर लोंबलेल्या, असे दृश्य आपण सर्वांनी पाहिले आहे. येथे पाणी न शिरणारा, पूर्ण बंद एलईडी दिवा साध्या बल्बपेक्षा निश्चित टिकाऊ ठरतो. परंतु वायर सुटली तर तोही अंधारच. म्हणून त्याच्या आधी लाल रिफ्लेक्टर आणि चमकणारी पट्टी लावावी. तिला करंट लागत नाही.

ऑटो इलेक्ट्रिकचे काम करणाऱ्या आपल्या मुलांना चार शब्द. बल्ब वारंवार बदलण्याची कमाई हळूहळू कमी होणार, हे उघड आहे. नव्या गाड्यांत एलईडी कंपनीतूनच येतो. पण जुन्या गाडीत एलईडी नीट बसवणे हे कसबाचे काम आहे आणि त्याची मजुरी रास्त मागता येते. प्रथम गंजलेला होल्डर साफ करावा आणि अर्थिंग पक्के करावे. अर्थ कच्चा असेल तर ब्रेक दाबताच इंडिकेटर मंद पेटतो, आणि एलईडी तर थोड्याशा करंटवरही मिणमिणत राहतो. बारा व्होल्टचा एलईडी चोवीस व्होल्टच्या ट्रकला लावू नये. तो टिकणार नाही. निळे-लाल लुकलुकणारे दिवे कोणी मागितले तरी बसवू नयेत. आणि गिऱ्हाईकाला स्पष्ट सांगावे, की मूळ दिवा साध्या बल्बसह तपासून मंजूर झालेला असतो. सुटा एलईडी बल्ब बहुधा तसा तपासलेला नसतो. शक्य असेल तर मंजुरीची खूण असलेला संपूर्ण एलईडी दिवाच घ्यावा. मालातील उणीव लपवून विकलेला बल्ब चार पैसे देईल, पण त्या गाडीमागे येणारा कोण असेल ते विकणाऱ्याला ठाऊक नसते.

शेवटी एक तपासणी, जिला पैसे लागत नाहीत. संध्याकाळी गाडीचे दिवे लावा, कोणाला तरी ब्रेकवर पाय ठेवायला सांगा आणि स्वतः पन्नास पावले मागे जाऊन उभे राहा. थोडे डावीकडे, थोडे उजवीकडे सरकून पाहा. ब्रेक लागला हे एका क्षणात कळते का? घड्याळ लावून इंडिकेटर मिनिटाला किती वेळा पेटतो ते मोजा. दुसऱ्या दिवशी हेच भर उन्हात करा. आम्ही ही तपासणी केली, आणि पांढरे बल्ब काढून टाकले. आता लाल आणि पिवळे एलईडी, नवा फ्लॅशर आणि स्वच्छ अर्थिंग आहे. पेठ नाक्यावरच्या त्या ड्रायव्हरचे नाव विचारायचे राहून गेले. तो गप्प बसून पुढे निघून गेला असता तरी त्याला कोणी दोष दिला नसता. रस्त्यावर कोणाचा दिवा बंद दिसला, तर आपणही थांबून सांगत जावे.