गंजलेला बोल्ट कसा सोडवावा
इयत्ता चौथी

मी बोल्टाविषयी लिहीत आहे. बोल्ट दिसायला लहान. पण तो जाम झाला की मोठी माणसेसुद्धा घाम पुसत बसतात.

आमच्या तात्यांची जीप आहे. तात्या म्हणजे माझे थोरले चुलते. ते घोटीच्या बाजाराला माणसे आणि भाजीच्या पाट्या नेतात. जीपच्या दारांखाली दोन्ही बाजूंना एक लांब काळी पट्टी आहे. ती दिसायला छान दिसते, पण तिच्या मागे चिखल साचतो आणि आतला पत्रा सडतो. या पावसाळ्यात मागे बसले की पायाला पाणी लागायचे. म्हणून पट्टी काढून पत्रा बघायचे ठरले. डाव्या पट्टीला पाच बोल्ट होते. पाचही गंजून तांबडे झाले होते.

आपल्या इगतपुरीत वर्षाला ३००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. चार महिने लोखंड वाळतच नाही. गुरुजींनी वर्गात तीन बाटल्यांत तीन खिळे ठेवले होते ते आठवते ना? कोरड्या बाटलीतला खिळा तसाच राहिला. उकळून गार केलेल्या पाण्यावर तेल ओतले होते, त्यातलाही चांगला राहिला. साध्या पाण्यातला मात्र गंजला. म्हणजे गंजायला पाणी पण लागते आणि हवा पण लागते.

आता बोल्ट जाम का होतो ते सांगतो. बोल्टाला आटे असतात. आट्यांमध्ये अगदी बारीक फट असते. तिथे पाणी शिरते आणि गंज धरतो. गंज हा लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो. डब्यात हरभरे भिजत घातले की फुगून गच्च बसतात, तसा तो आट्यांत गच्च बसतो.

तात्यांनी पहिल्या दिवशी पाना हातात घेतलाच नाही. तारेच्या ब्रशाने बोल्ट घासले आणि चिखल काढला. मग डिझेलमध्ये थोडे ऑईल मिसळून प्रत्येक बोल्टावर थेंब थेंब सोडले. घट्ट ऑईल नुसते वर बसते. पातळ तेल दिव्याच्या वातीत चढते तसे फटीत आपोआप शिरते, पण त्याला वेळ लागतो. अधूनमधून हातोडीने बोल्टाच्या डोक्यावर टक टक करायचे. जोरात नाही. त्याने गंजाला तडे जातात आणि तेलाला वाट मिळते.

इथे माझी चूक झाली. तात्या जेवायला गेले तेव्हा मी शेवटच्या बोल्टाला पाना लावला. बोल्ट १० नंबरचा होता आणि मी ११ नंबरचा साधा पाना घेतला. जोर दिला तसा पाना सटकला. बोल्टाचे कोपरे झिजून तो गोल झाला. माझी बोटे पण सोलली. मी कोणाला काही बोललो नाही. हात खिशात घालून झोपायला गेलो. सकाळी तात्यांनी बोल्ट पाहिला, मग माझी बोटे पाहिली. ते म्हणाले, "आरं, बोल्टाशी कुस्ती नाय खेळायची. त्याला आधी तेल पाजायचं."

मग त्यांनी बाकीचे चार बोल्ट मला दाखवून काढले. रिंग पाना घ्यायचा. साधा पाना दोनच बाजू धरतो, रिंग पाना सगळ्या बाजूंनी धरतो. पाना ढकलायचा नाही, आपल्याकडे ओढायचा, म्हणजे सटकला तरी हात पत्र्यावर आपटत नाही. आधी बोल्ट किंचित आवळायचा, मग सोडवायचा. आवळताना गंज मोडतो. थोडा फिरला की लगेच पूर्ण काढायचा नाही. पुन्हा तेल, पुन्हा मागे, पुन्हा पुढे. कुर्र असा आवाज आला की समजायचे, निघणार. खाली झोपून काम करताना डोळ्यांत गंज पडतो, म्हणून तात्या चष्मा लावतात.

मी विचारले, तापवला तर नाही का सुटणार? लोखंड तापले की फुगते. लोहार बैलगाडीच्या चाकावर धाव तापवूनच चढवतो. पण जीपला पट्टी प्लास्टिकची, वर रंग, जवळ डिझेलची टाकी. तिथे आग नको.

माझा बोल्ट काही निघाला नाही. ग्रिप पक्कडीने धरून फिरवला तर डोके तुटून हातात आले. उरलेला तुकडा आत राहिला. घोटीला वेल्डिंगवाल्याकडे न्यावे लागले. त्याने आधी बॅटरीची तार काढली. मग तुटक्या तुकड्यावर एक नट वेल्डिंग केला आणि पान्याने फिरवला. तापल्यामुळे गंजही सुटला होता. त्या दिवशी बाजाराची फेरी बुडाली आणि वेल्डिंगचे पैसे गेले ते वेगळे. तात्या काही बोलले नाहीत. काकू बोलली.

आमचे आजोबा रेल्वेत गँगमन होते. कसारा घाटातून इगतपुरीला रेल्वे १८६५ साली आली. तिथे ३७ फूट पुढे गेले की १ फूट चढ आहे. आजोबा सांगतात, पाऊस सरला की रूळ जोडणाऱ्या पट्ट्यांचे बोल्ट सोडायचे, साफ करायचे, ग्रीस लावून पुन्हा आवळायचे. जाम होण्याआधीच.

तात्यांनी पण नवे बोल्ट ग्रीस लावून बसवले. पत्र्याला हात जाईल एवढे भोक पडले होते. त्यावर नवा तुकडा बसवला आहे.

उजवी पट्टी अजून काढायची आहे. तिच्या पाच बोल्टांना काल रात्री मीच तेल सोडले. तात्यांनी १० नंबरचा रिंग पाना माझ्याकडे दिला आहे. रविवारपर्यंत हात लावायचा नाही असे सांगितले आहे.