घाबरल्यावर दमा का वाढतो?

कांजूरमार्ग स्टेशनाचा पूल चढताना दमेकऱ्याला धाप लागते. गाडी चुकेल म्हणून तो घाबरतो, आणि धाप आणखी वाढते. बाजूचे म्हणतात, "काही नाही, मनाचं आहे." आम्ही सांगतो, दमा हा श्वासनळ्यांचा आजार आहे. मात्र मनातली भीती श्वासनळ्यांपर्यंत पोचते. ती कशी, ते पाहू.

आपल्या दोन्ही मूत्रपिंडांवर टोपीसारखी एकेक लहान ग्रंथी असते. माणूस घाबरला की ती रक्तात एक रस सोडते. त्याचे नाव अ‍ॅड्रेनलिन. हा रस रक्तातून छातीत पोचला की श्वासनळ्यांभोवतीचे स्नायू सैल पडतात आणि नळ्या रुंद होतात. पळायला भरपूर हवा मिळावी, ही शरीराची सोय.

तुम्ही विचाराल, "गुरुजी, मग धाप कमी व्हायला हवी ना?" प्रश्न अगदी रास्त आहे. पण दमेकऱ्याच्या नळ्या आतून सुजलेल्या असतात. त्यांत चिकट कफ असतो. घाबरलेला माणूस तोंडाने भराभर श्वास घेतो, ती कोरडी हवा सुजेला झोंबते. शिवाय मेंदूकडून येणारी एक नस नळ्या आवळते. मग अ‍ॅड्रेनलिन अपुरे पडते.

त्याच ग्रंथीचा दुसरा रस कॉर्टिसॉल. तो सूज दाबून ठेवतो. रात्री हे दोन्ही रस कमी असतात, म्हणून पुष्कळांना दमा पहाटे उठवतो. आणि खोलीचे भाडे, नोकरी, आजारपण अशी चिंता महिनोन्‌महिने राहिली, तर शरीर कॉर्टिसॉलला पुरेसे जुमानत नाही. रोज ओरडणाऱ्या मास्तरांकडे पोरे लक्ष देत नाहीत, तसेच हे! त्यात चुलीचा, विडीचा, कचरा जाळल्याचा धूर आला की नळ्या चटकन आवळतात.

डॉक्टर पंप देतात, त्यातली औषधे या रसांच्याच जातीची. एक औषध अ‍ॅड्रेनलिनसारखे. ते आवळलेल्या नळ्या लगेच उघडते. दुसरे कॉर्टिसॉलसारखे, ते सूज हळूहळू उतरवते, म्हणून बरे वाटत असतानाही रोज घ्यायचे. ते घेतल्यावर चूळ भरून टाकावी. "पंपाची सवय लागते" असे म्हणून, किंवा मुलीचे लग्न मोडेल या भीतीने, घरचेच पंप लपवतात. याचा आम्हाला फार राग येतो. सूज आत वाढत राहते आणि एके रात्री जिवावर बेतते.

धापेने एक वाक्यही पुरे बोलता येईना, ओठ निळे पडू लागले, किंवा पंपाने उतार पडेना, तर सकाळची वाट पाहू नये. माणसाला बसते ठेवावे, डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे पंप देत राहावे आणि १०८ क्रमांकावर फोन करून रुग्णवाहिका बोलवावी.