तांबड्या पेशीचा राखणदार : जी-सिक्स-पीडी

हिवतापावर प्रायमाक्विनची गोळी घेतल्यावर काहींची लघवी काळपट होते, डोळे पिवळे पडतात. अशांच्या रक्तात जी-सिक्स-पीडी हे विकर (एन्झाइम) कमी असते, हे १९५६ साली अमेरिकेत उलगडले.

ही ५१५ अमिनो आम्लांची साखळी. दोन किंवा चार साखळ्या जुळल्या तरच काम चालते. ग्लुकोजपासून बनलेल्या साखरेतला हायड्रोजन काढून ते एनएडीपी या वाहकाला देते. त्यावरच ग्लुटाथायोन टिकते व पेशी फुटण्यापासून वाचते. इतर पेशींना दुसऱ्याही वाटा असतात. तांबड्या पेशीचे, आम्हा कारकुनांच्या भाषेत, दुसरे खातेच नाही! म्हणून गोळीआधी रक्ततपासणीबद्दल डॉक्टरांना अवश्य विचारावे. जनुक एक्स गुणसूत्रावर असल्याने त्रास मुलग्यांना अधिक. दोष येतो आईकडून, तिला स्वतःला बहुधा काहीच जाणवलेले नसते.