लोडिंगची कटकट खलास!

ऑफिसातून साडेआठला घरी, जेवण, दोन-चार फोन आणि मग उरतो हक्काचा जेमतेम एक तास. पीसी ऑन केला तर विंडोज गोल गोल फिरतंय. गेम उघडला तर 'लोडिंग'! या तासातला मोठा घास कोण खातं माहितीये? कॅबिनेटच्या आत करकरणारी जुनी हार्ड डिस्क.

माझ्या मावसभावाचं दुखणं हेच. घर देवगाव रंगारीला, कन्नड तालुक्यात. नोकरी छत्रपती संभाजीनगरात. त्यामुळे गेमिंग फक्त वीकएंडला, गावी. "ताई, लय टाइम घेऊ लागलाय. बोनसमधून नवं ग्राफिक्स कार्डच टाकतो!" इति बंधुराज. मावशीचं म्हणणं, त्या डब्ब्यात आता एक रुपया घालायचा नाही. मग मी मध्ये पडले.

फंडा सोपा आहे. गेम अडखळत चालत असेल, फ्रेम्स कमी पडत असतील, तर संशय आधी ग्राफिक्स कार्डावर. पण गेम उघडायलाच युगं लागत असतील तर महागडं कार्ड घेऊन काय होणार? हार्ड डिस्कमध्ये तबकडी मिनिटाला ७,२०० वेळा फिरते आणि एक छोटा हात तिच्यावर फाइल शोधत पळतो. गेममध्ये अशा हजारो फायली. एसएसडीत फिरणारं काहीच नाही, नुसत्या चिप्स. उलट बाजूही सांगते, एसएसडीने फ्रेम्स वाढत नाहीत. दुकानदार काहीही म्हणो!

आणि प्रत्येक उशीर डिस्कच्या माथी मारू नका. 'जीटीए ऑनलाइन'चं कुप्रसिद्ध लोडिंग आठवतंय? २०२१ मध्ये एका प्रोग्रॅमरने शोधून काढलं की त्यातला मोठा वाटा चुकीच्या कोडचा होता. मग कंपनीने तो दुरुस्त केला. पण नवे गेम्स हट्टीच आहेत. २०२३ मध्ये आलेल्या 'स्टारफील्ड' आणि 'बाल्डर्स गेट ३'ने किमान गरजांतच एसएसडी लिहून टाकली.

आता खरेदी. च्युइंगगमच्या पट्टीसारखी दिसणारी एम.टू एसएसडी दोन जातींची असते, साटा आणि एनव्हीएमई. दिसायला जुळ्या बहिणी! मदरबोर्डचं मॅन्युअल न बघता पैसे मोजू नका. भावाच्या जुन्या बोर्डवर ती खाचच नव्हती, म्हणून अडीच इंची साटा घेतली. सेकंदाला साधारण ५५० एमबी. एनव्हीएमईचे आकडे ३,५०० आणि त्याहूनही वर जातात, पण बहुतेक गेम्समध्ये खरी उडी असते ती हार्ड डिस्क सोडताना. पुढचा फरक बऱ्याचदा काही सेकंदांचाच. त्यामुळे साटा घेतली म्हणून लाजायचं कारण नाही.

बसवायला एक पॉवरची वायर, एक डेटाची. पण त्याआधी हार्ड डिस्कमधले ताईच्या लग्नाचे फोटो पेनड्राइव्हवर गेले. ही मावशीची अट, आणि शंभर टक्के बरोबर! नवं विंडोज टाकताना जुनी डिस्क काढूनच ठेवली, म्हणजे चुकून तीच फॉरमॅट व्हायला नको. (नुसती जादा डिस्क म्हणून जोडलीत आणि ती दिसलीच नाही, तर घाबरू नका. डिस्क मॅनेजमेंटमध्ये जाऊन ती आधी 'इनिशियलाइज' करावी लागते.)

मग हार्ड डिस्क परत जोडली. गावातल्या नेटवर अख्खा गेम पुन्हा डाउनलोड करायचा म्हणजे वीकएंड खलास. सुदैवाने स्टीममध्ये जुना फोल्डर दाखवून गेम थेट नव्या ड्राइव्हवर 'मूव्ह' करता येतो. रोजचे दोन गेम इकडे, सिनेमे आणि बाकी पसारा हार्ड डिस्कवर.

ग्राफिक्स कार्डाचा बेत बारगळला. उरलेल्या पैशांत यूपीएस आला, कारण तिकडे लाइट कधी जाईल नेम नाही आणि फाइल लिहिताना वीज गेली तर एसएसडीलाही ते सोसत नाही. गेम आता चहा ओतेपर्यंत उघडतो. मावशीने मात्र दारातून डोकावून विचारलं, "करकर थांबली रे याची. बिघडला का?"