मधुमेह आणि पायांचा रक्तपुरवठा

पावलांना रक्त मिळते ते मांडीतून उतरणाऱ्या मोठ्या धमनीतून आणि गुडघ्याखाली तिला फुटणाऱ्या तीन शाखांमधून. रक्तातली साखर वर्षानुवर्षे चढलेली राहिली की सर्वाधिक मार बसतो तो या तीन शाखांना. विडी-सिगारेटने बुजणाऱ्या धमन्या बहुधा वरच्या, कंबरेच्या आणि मांडीच्या असतात. मधुमेह आणि तंबाखू एकत्र आले, तर वरून खालपर्यंत काहीच सुटत नाही.

बिघाड सुरू होतो धमनीच्या आतल्या अस्तरापासून. हे अस्तर नायट्रिक ऑक्साइड तयार करते आणि त्यामुळे धमनी गरजेप्रमाणे रुंदावते. साखर जास्त राहिली की त्याचा पुरवठा घटतो. प्लेटलेट पेशी चटकन एकमेकींना चिकटू लागतात, कोलेस्टेरॉलचा थर साचतो आणि साखर प्रथिनांना चिकटून भिंत ताठर होते. भिंतीच्या मधल्या पदरात कॅल्शियमही जमते. साध्या एक्स-रेमध्ये अशी धमनी रेल्वेच्या रुळांसारख्या दोन पांढऱ्या रेघांत दिसते.

रक्त कमी पडले की चालताना पोटरीत गोळा येतो आणि थांबल्यावर तो जातो, हे या आजाराचे नेहमीचे लक्षण. मधुमेहात मात्र त्यावर विसंबून चालत नाही. त्याच साखरेने पायांच्या नसाही बधिर केलेल्या असतात. त्यामुळे दुखणे जाणवत नाही, चपलेत अडकलेला खडा जाणवत नाही, तापलेल्या फरशीचा चटकाही कळत नाही. मोज्यावर रक्ताचा डाग दिसेपर्यंत जखमेचा पत्ता लागत नाही. मग ती भरायला रक्त अपुरे पडते, जंतुसंसर्ग हाडापर्यंत उतरतो आणि बोट काळे पडू लागते.

तपासणीतही एक मेख आहे. घोट्याच्या रक्तदाबाला दंडाच्या रक्तदाबाने भागतात, उत्तर ०.९० किंवा त्याहून कमी आले तर धमनी अरुंद झाली असे मानतात. पण कॅल्शियमने कडक झालेली धमनी पट्ट्याने दबतच नाही. मग आकडा १.४० च्याही वर जातो किंवा चक्क नॉर्मल येतो, आणि रुग्ण निर्धास्त होऊन घरी जातो. अशा वेळी पायाच्या अंगठ्याचा रक्तदाब मोजणे किंवा डॉपलर करणे अधिक भरवशाचे, कारण अंगठ्याच्या बारीक धमन्या सहसा इतक्या कडक होत नाहीत. त्याआधी पावलाच्या पाठीवर आणि आतल्या घोट्यामागे बोटे ठेवून नाडी चाचपायला दोन मिनिटेही लागत नाहीत. ते टाळण्याला गर्दीच्या दवाखान्यातही सबब नाही.

‘मधुमेहात बारीक रक्तवाहिन्याच बंद होतात, त्यामुळे ऑपरेशनचा उपयोग नाही’ हा समज बराच काळ डॉक्टरांमध्येही होता. प्रत्यक्षात नडगीतल्या धमन्या बुजलेल्या असताना पावलातल्या बऱ्याचदा उघड्या सापडतात. म्हणून फुग्याने धमनी रुंद करणारी अँजिओप्लास्टी किंवा थेट पावलापर्यंतचा बायपास करून अनेक पाय वाचवता येतात. पाय कापण्याचा सल्ला मिळाल्यावर, संसर्ग जिवावर बेतलेला नसेल तर, आधी रक्तवाहिन्यांच्या सर्जनला दाखवणे योग्य.

ब्रिटनमधल्या ‘यूकेपीडीएस’ या दीर्घ अभ्यासाच्या २००० साली प्रसिद्ध झालेल्या विश्लेषणात एचबीए१सी (रक्तातल्या सरासरी साखरेचा निर्देशांक) १ टक्क्याने कमी असलेल्यांमध्ये पाय कापावा लागणे किंवा पायांच्या धमन्यांच्या आजाराने मृत्यू येणे यांचे प्रमाण ४३ टक्क्यांनी कमी आढळले. साखरेइतकेच तंबाखू सोडणे, रक्तदाब आटोक्यात ठेवणे आणि स्टॅटिनची गोळी न चुकवणे महत्त्वाचे. भोवरी ब्लेडने घरी कापू नये, आणि रोज रात्री तळवे पाहावेत. वाकता येत नसेल तर जमिनीवर आरसा ठेवून.