लावणीच्या दिवसांत पुण्याची खोली

बारावीचा निकाल लागतो, गुण बरे पडतात, पुण्याच्या कॉलेजात प्रवेशही मिळतो. आणि मग घरातले बोलणे अडते ते फीवर नव्हे, खोलीवर. मुळशी तालुक्यात भाताच्या कामानिमित्त गावोगाव फिरताना हे मी पुष्कळ घरांतून पाहिले आहे. मुलगा असला तर 'राहील कुणा मित्राबरोबर' म्हणून विषय मिटतो. मुलगी असली की तिचे नाव जवळच्या कॉलेजात घातले जाते, मग तिला हवा तो अभ्यासक्रम तेथे असो वा नसो.

एकदा चारसूत्री लागवडीचे प्रात्यक्षिक चालू असताना एक शेतकरी बांधावर येऊन म्हणाले, "साहेब, भाताचं कळलं. पण पोरीला पुण्यात खोली बघायची तर काय बघायचं, ते सांगा की." प्रश्न खात्याचा नव्हता, पण शेतीचाच होता.

तो शेतीचा कसा, ते पाहा. भातशेतीचे वर्ष आणि कॉलेजचे वर्ष यांचा मेळ बसत नाही. प्रवेशाची धावपळ जून ते ऑगस्ट चालते. त्याच सुमारास बी, खत, चिखलणी, लावणीची मजुरी यांत घरातला पैसा संपलेला असतो. इंद्रायणी कापून, झोडून, विकून हातात रक्कम यायला दिवाळी उलटते. खोलीचा सगळ्यात मोठा खर्च मात्र पहिल्याच दिवशी द्यावा लागतो. समजा एका कॉटचे भाडे ५,००० रुपये आहे. दोन महिन्यांची अनामत १०,०००, पहिल्या महिन्याचे ५,००० आणि एजंट मध्ये असला तर त्याचे आणखी एका महिन्याइतके, म्हणजे २०,००० रुपये गादी-बादली घेण्याआधीच गेले. ऐन लावणीत ही रक्कम उसनवारीनेच उभी राहते. म्हणून ज्या घरात मूल बारावीला आहे, त्या घराने आधीच्या डिसेंबरात भात विकतानाच एवढी रक्कम वेगळी काढून बँकेत ठेवावी. बियाण्याचे भात आपण वेगळे काढून ठेवतो आणि कितीही नड आली तरी त्याला हात लावत नाही, तसेच हे.

मुलींच्या बाबतीत आता फीची अडचण पुष्कळ कमी झाली आहे. २०२४-२५ या शैक्षणिक वर्षापासून, ज्यांच्या घरचे वार्षिक उत्पन्न ८ लाख रुपयांपर्यंत आहे अशा इतर मागास, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांतील मुलींना, शासनाच्या प्रवेश प्रक्रियेतून व्यावसायिक अभ्यासक्रमाला प्रवेश मिळाल्यास, शिक्षण शुल्क व परीक्षा शुल्क माफ आहे. तेव्हा फी माफ झालेली मुलगी केवळ राहण्याची सोय नाही म्हणून घरी बसली, तर त्याला काय म्हणावे?

खोली शोधण्याआधी वसतिगृह पाहावे. परगावच्या गरीब विद्यार्थ्यांना आधार देण्याची पुण्याची रीत जुनी आहे. १९०९ मध्ये अनाथ विद्यार्थी गृह निघाले, तेच आजचे पुणे विद्यार्थी गृह. १९५५ मध्ये विद्यार्थी सहाय्यक समिती सुरू झाली. खेड्यातल्या मुलामुलींना ती कमी खर्चात ठेवून घेते. समाजकल्याण व आदिवासी विभागाची शासकीय वसतिगृहे आहेत. तेथे जागा मिळाली नाही तर अनुसूचित जातीच्या व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी स्वाधार आणि अनुसूचित जमातीच्या विद्यार्थ्यांसाठी स्वयम् या योजनांतून राहण्या-जेवणाची रक्कम बँकेत जमा होते. अल्पभूधारक शेतकऱ्यांच्या व नोंदणीकृत मजुरांच्या मुलांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजना आहे. आपल्या तालुक्यात किती घरे अल्पभूधारक आहेत हे सांगायला नको. पण या योजनेचे नावही पुष्कळांच्या कानावर गेलेले नाही. अर्ज महाडीबीटीवर करायचा असतो. त्यासाठी लागणारे उत्पन्नाचे, अधिवासाचे व अल्पभूधारक असल्याचे दाखले मे महिन्यातच पौडला तहसील कचेरीतून काढून ठेवावेत. जूनमध्ये तेथे सगळा तालुका लोटतो.

पिरंगुट, भूगाव, भुकूम या बाजूच्या मुलांनी तर खोली घेण्याची घाई करूच नये. पीएमपीची बस आहे, विद्यार्थ्यांचा पास आहे आणि २०२२ पासून वनाजपासून मेट्रो धावते. पण ताम्हिणीच्या अंगाच्या गावांना रोजची ये-जा जमणारी नाही.

खोली घ्यायचीच झाली तर फोटो पाहून घेऊ नये. जमीन घेताना आपण विहिरीला पाणी किती महिने टिकते ते विचारतो. येथेही नळाला पाणी किती वाजता येते, टँकर लागतो का, त्याचे पैसे कोण देतो, ते विचारावे. वीज मीटरप्रमाणे की ठरीव, हेही आधी बोलून घ्यावे. मुलीसाठी खोली पाहताना एक फेरी अंधार पडल्यावर मारावी. कॉलेजपासून दारापर्यंत स्वतः चालत यावे, दिवे आहेत का, वर्दळ आहे का ते पाहावे. हे काम मुलीच्या आईला बरोबर नेऊन करावे. पुरुषांच्या नजरेला न्हाणीघराच्या दाराची मोडकी कडी दिसत नाही. एकाच गावच्या दोघी-तिघींनी मिळून खोली घेतली तर भाडे वाटले जाते, घरचा तांदूळ चुलीवर चढतो आणि एकीच्या आजारपणात दुसरी सोबतीला असते.

आता कागदाविषयी. सातबाऱ्यावर गुंठाभर फरक पडला तर आपण तलाठ्याकडे दहा खेपा घालतो; पण अनामतीचे हजारो रुपये साध्या चिठ्ठीशिवाय मोजून देतो! महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या ५५ व्या कलमाप्रमाणे भाडेकरार लेखी असून त्याची नोंदणी झाली पाहिजे, आणि नोंदणी करून घेण्याची जबाबदारी घरमालकावर आहे. करार बहुधा ११ महिन्यांचा असतो. अनामत किती, ती किती दिवसांत परत मिळेल, सोडण्याआधी किती दिवस कळवायचे, मध्येच भाडे वाढेल काय, एवढे त्यात लिहिलेले असावे. मूल अठराच्या आतले असेल तर त्याच्या सहीचा करार चालत नाही. आई किंवा वडिलांच्या नावाने करावा. पैसे बँकेतून द्यावेत. पुढे निर्वाह भत्त्याच्या अर्जाला राहण्याचा पुरावा लागतो, तेव्हाही हाच कागद कामी येतो.

आपल्याच तालुक्यात याची दुसरी बाजूही आहे. लवळ्याला सिंबायोसिस व फ्लेम ही विद्यापीठे आल्यापासून आसपासच्या गावांतून परप्रांतांतली मुले खोल्या विचारीत येतात आणि शेतकरीच घरमालक झाले आहेत. त्यांनाही हाच कायदा लागू आहे. करार नोंदवला नाही आणि तंटा झाला, तर भाडेकरू सांगेल त्या अटी उलट सिद्ध होईपर्यंत खऱ्या धरल्या जातात. शिवाय घरमालकाला ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, अथवा दोन्ही होऊ शकतात. नोंदणीसाठी आता कचेरीत खेटे घालावे लागत नाहीत. आधार क्रमांक व अंगठ्याचा ठसा यांवर ती घरबसल्या ऑनलाइन होते. भाडेकरूची माहिती पोलीस ठाण्यातही द्यावी. आणि पावसाळ्याआधी खोलीवरचे पत्रे एकदा तपासून घ्यावेत. मुळशीचा पाऊस काय असतो, हे बाहेरून आलेल्या त्या पोरांना ठाऊक नसते.